कॉलला कायोटी येत नाही? रिकाम्या स्टँडचं कारण कसं शोधायचं

कायोटी हा अमेरिकेतला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी. भक्ष्याचा आवाज काढणारा कॉल वाजवून त्याला जवळ बोलवायचं, आणि त्यासाठी दबून बसायचं त्या बैठकीला स्टँड म्हणतात. थंडी सुरू झाली की इथल्या मराठी शिकारी मित्रांकडून एकच प्रश्न वरचेवर येतो: पहाटेपासून पाच ठिकाणी बसलो, सशाची किंकाळी वाजवली, पण कायोटी सोडाच, कावळासुद्धा फिरकला नाही, आता कुठला आवाज लावू? माझं उत्तर ठरलेलं आहे. आवाजाला हात लावण्याआधी बाकीचं सगळं तपासा. स्टँड रिकामा जाण्याचं कारण बहुतेक वेळा कॉल तोंडाला लावण्यापूर्वीच घडून गेलेलं असतं. गाडी कुठे उभी केली, कुठल्या बाजूने चालत आलात, वारा पाठीवर होता की गालावर, यात ते सापडतं. आवाजावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, पण बदलायला सगळ्यात सोपा तोच असल्यामुळे सगळे आधी त्याच्याच मागे लागतात.

मी लिहितोय ते पश्चिम कॅन्ससच्या अनुभवावरून. मैला-मैलावर आखलेले सेक्शन रोड, गव्हाची आणि मायलोची म्हणजे आपल्या ज्वारीची शेतं, गुरांची कुरणं, मधूनच 1985 च्या फार्म बिल या शेती कायद्यापासून सरकारी योजनेत पडीक ठेवलेल्या जमिनींवरचं कमरेएवढं गवत. तुम्ही पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात किंवा ॲरिझोनाच्या वाळवंटात बसत असाल तर अंतरं आणि वेळा बदलतील, पण तपासणीचा क्रम तोच राहील.

कायद्याचं आधी उरकून घेतो. कायोटीचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, आणि ते बदलतात. हंगाम सुरू होण्याआधी आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची पुस्तिका वाचा. कॅन्ससमध्ये 1 जुलै 1957 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, आणि रात्री थर्मल (उष्णतेवरून प्राणी दाखवणारी दुर्बीण) वापरायला वेगळं परमिट लागतं, तेही ठरावीक महिन्यांपुरतं. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीसाठी शिशाची गोळी चालत नाही. एच-1बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघीय कायद्याच्या 922 कलमाप्रमाणे बंदूक बाळगायला मुळात बंदी आहे. मुदतीतलं हंटिंग लायसन्स हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. मित्राची रायफल 'फक्त धरण्या'आधी हे वकिलाकडून समजून घ्या, कारण इथे चूक झाली तर व्हिसाच जातो. आणि गावाकडच्या कोल्ह्यावर यातलं काहीही करून बघायचं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे.

आला नाही, की आला आणि दिसला नाही?

सगळं निदान या एका प्रश्नावर उभं आहे. ही दोन अगदी वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. कायोटी बहुतेक वेळा मुकाट्याने येतो. तो आला, त्याने तुम्हाला ओळखलं आणि तो परत गेला, यातलं काहीही तुम्हाला न कळता घडू शकतं. मग आपण म्हणतो, इथे कायोटीच नाहीत.

बर्फ पडून गेल्यावरचा दिवस हे तपासायला लाखमोलाचा. स्टँड संपल्यावर लगेच गाडीकडे निघू नका. वाऱ्याखालच्या बाजूला शंभर ते तीनशे यार्डांवरून मोठं अर्धवर्तुळ घेत चाला. कायोटीचा ठसा लांबट, साधारण अडीच इंचांचा, पुढच्या दोन नखांच्या खुणा एकमेकींजवळ. कुत्रा रमतगमत, इकडेतिकडे हुंगत जातो. दुडकत चाललेल्या कायोटीचे ठसे मात्र एका रेषेत पडतात, मागचा पाय थेट पुढच्या पायाच्या ठशात. ती रेषा धरून चालत राहा. एके ठिकाणी ठसे थांबतात. चारही पावलं जवळजवळ, त्यांच्याखालचा बर्फ जास्त दाबलेला, कडा किंचित वितळून पुन्हा गोठलेल्या. इथे तो उभा राहिला होता. त्याच्यापुढे रेषा नाही. आहेत ते चार-चार ठशांचे पुंजके, दोन पुंजक्यांमध्ये सहा-सात फूट कोरा बर्फ, आणि सगळे तुमच्यापासून लांब जाणारे.

आता त्या थांबल्या जागी स्वतः उभे राहा आणि जिथे बसला होता तिकडे तोंड करा. वारा तोंडावर येतोय? मग त्याला तुमचा वास लागला. वारा तोंडावर नाही, पण तुमची बसण्याची जागा आकाशाच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतेय? मग त्याने तुम्हाला पाहिलं. आणि तिथून बसण्याची जागाच दिसत नसेल, मधे उंचवटा किंवा गवत येत असेल, तर तो तुमच्या नजरेच्या टप्प्यात आलाच नाही. बैठक चुकली होती. पाच मिनिटांच्या या चालण्यातून जे कळतं ते नवीन ई-कॉलरच्या, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणाऱ्या यंत्राच्या, पेटीत मिळत नाही.

बर्फ नसेल तेव्हा कॅटल गार्ड म्हणजे गुरं अडवणाऱ्या रस्त्यातल्या लोखंडी जाळीजवळची बारीक धूळ, चाकोरीतली वाळू, पाण्याच्या टाकीभोवतीचा चिखल बघा. बसलेले असताना गुरांवर लक्ष ठेवा. चरणाऱ्या गाई एकामागून एक मान वर करतात आणि सगळ्या एकाच दिशेला टक लावतात, तेव्हा त्या दिशेला काहीतरी चालतंय हे नक्की. मॅगपाय पक्षी एकाच झुडपावर खाली-वर करत कलकलाट करू लागले तरी तेच. कायोटी गवतात असतो आणि त्याच्या आधी ही बातमी तुमच्यापर्यंत पोचते.

वारा

खरं तर या लेखातून एवढा एकच भाग घेतलात तरी चालेल. कायोटी डोळ्यांवर आणि कानांवर विश्वास ठेवून निघतो, पण शेवटची खात्री नाकाने करतो. किंकाळीच्या दिशेने येता येता तो वळसा घेतो आणि आवाजाच्या वाऱ्याखाली जाऊन हुंगतो. तरुण पिल्लं कधीकधी सरळ धावत येतात. ज्याने एक हिवाळा काढलाय तो सहसा असं करत नाही. हा वळसा थांबवता येत नाही. तो कुठून जाईल हे मात्र आपण ठरवू शकतो.

समजा वारा डावीकडून उजवीकडे वाहतोय आणि कायोटी समोरून येईल असा तुमचा अंदाज आहे. ई-कॉलर स्वतःशेजारी ठेवू नका. तो समोर-डावीकडे, म्हणजे थोडा पुढे आणि वाऱ्यावरच्या बाजूला, पन्नासेक यार्डांवर ठेवा. आता कायोटी कॉलरच्या वाऱ्याखाली जायला तुमच्या उजवीकडे वळसा घेईल. कॉलरकडून येणारा वारा तुमच्या समोरून जातोय, तुमच्या अंगावरून जाणारा वारा त्याच्या मागे आहे. म्हणजे तुमचा वास लागण्याआधी त्याला तुमच्या समोरची मोकळी जागा ओलांडावी लागते. या उजव्या बाजूलाच सगळं ठरतं. तिथे ओढा, उंच गवत किंवा झाडांची रांग असेल तर जागा कितीही छान दिसो, बसू नका. दोघं असाल तर नेम चांगला असलेल्याला वाऱ्याखालच्या बाजूला बसवा.

हातातून वाजवणारे तोंडाचे कॉल वापरत असाल तर आवाज आणि वास एकाच जागेवरून निघतात, म्हणून वाऱ्याखालची मोकळी जागा आणखी मोठी लागते, आणि जोडीदार असला तर फार उपयोग होतो.

टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा. मिल्कवीडच्या बोंडातला कापूस त्याहून चांगला, कारण तो लांबवर तरंगत जाताना दिसतो. वारा गाडीपाशी एक आणि ओढ्याच्या काठाला दुसराच असतो. थंड पहाटे हवा उतारावरून खाली सरकते. ऊन चढलं की तीच हवा वर चढू लागते. सकाळी सातला बरोबर असलेली बैठक दहाला चुकीची होते ती यामुळे. ताशी 5 ते 12 मैलांचा स्थिर वारा मला सगळ्यात आवडतो. अगदी पडलेल्या वाऱ्याचा भरवसा नाही, तो कुठूनही फिरतो. 20 मैलांच्या पुढे आवाज पोचत नाही आणि कायोटीही टेकड्यांच्या आडोशाच्या अंगाला पडून राहतात. अशा दिवशी बसायचंच असेल तर त्या आडोशांच्या जवळ जाऊन, छोट्या-छोट्या अंतरांवर बसा. कॅन्ससमध्ये वारा नसलेल्या दिवसाची वाट बघत राहिलात तर हंगाम संपेल.

वास मारणारे फवारे आणि खास साबण यांच्यावर माझा विश्वास नाही. कुत्र्याच्या कुळातल्या नाकापुढे त्यांचा टिकाव लागत नाही, आणि ते अंगावर आहेत म्हणून माणूस वाऱ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो, हे नुकसान वेगळंच.

तुम्ही पोचताना

सेक्शन रोडवरून येणारी गाडी कायोटीला नवी नाही; रँचर रोज चारा टाकायला येतो. गाडी थांबणं, दार आपटणं, लॉकचं टिट्-टिट् आणि दोन माणसांची बोलणी, हे मात्र नवं असतं. गाडी टेकडीच्या मागे, बसण्याच्या जागेवरून न दिसेल अशी लावा. दार दाबून बंद करा. आतला दिवा आधीच बंद करून ठेवा. बोलायचं ते घरून निघताना बोलून घ्या. टेकडीच्या माथ्यावरून चालू नका. कडेने वळसा घालून जा, भले दहा मिनिटं जास्त लागोत. आणि ज्या भागातून कायोटी येईल असं वाटतं तिथून कधीच चालत जाऊ नका, वाऱ्यानेही तुमचा वास तिकडे जाता कामा नये.

बसल्यावर लगेच वाजवू नका. चार-पाच मिनिटं सगळं निवू द्या. पाठीशी झुडूप किंवा बांध असू द्या, सूर्य मागे ठेवा, शक्य तर सावलीत बसा. कॅमोफ्लाजच्या डिझाइनवर खर्च करण्यापेक्षा हात आणि चेहरा झाका, कारण हलतात ते हेच. कायोटीच्या डोळ्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, म्हणून हरणांच्या बंदूक-हंगामात कायद्याचं बंधन असो-नसो, नारिंगी जॅकेट घालाच. कायोटी त्याने बिचकत नाही, आणि सशाची किंकाळी ऐकून येणारा प्राणी दोन पायांचाही असू शकतो. आपल्या आवाजावर दुसरा शिकारी चालून येणं हा या छंदातला खरा धोका आहे. प्राणी कुठला हे पक्कं ओळखल्याशिवाय आणि त्याच्या मागे गोळी अडवणारी माती असल्याशिवाय बोट ट्रिगरवर जाता कामा नये. पश्चिम कॅन्ससमध्ये स्विफ्ट फॉक्स आहे, तो मांजराएवढा असतो आणि त्याचे नियम वेगळे आहेत. शिवाय रँचरचा कुत्रा लांबून कायोटीसारखा दिसतो, थर्मलमध्ये तर फारच.

दिसला, पण तीनशे यार्डांवर अडला

बसतो, बघतो, पुढे येत नाही. इथे निम्मं काम झालेलं आहे हे लक्षात घ्या: वारा बरोबर होता, पोचणं बरोबर होतं, आवाजही पटला. त्याला डोळ्यांना काही दिसत नाही, एवढीच अडचण. उघड्या माळावर ससा ओरडतोय आणि ससा कुठेच नाही, हे त्याला खटकतं. कॉलर उंच गवतात किंवा झुडपाच्या बुडाशी ठेवलेला असेल तर त्याला जवळ येऊन बघावंच लागतं. उघड्यावर ठेवावा लागला तर शेजारी हलणारा डिकॉय, म्हणजे नकली भक्ष्य, लावा. काठीला दोरीने बांधलेलं पीसही चालतं. तो अडला असताना आवाज वाढवू नका, उलट कमी करा किंवा बंद करा. मग ओठांनी उंदराचं बारीक चूं-चूं काढून बघा. तेही चाललं नाही तर पिल्लाच्या कळवळण्याचा आवाज, तो अनेकदा शेवटचा अडसर काढतो. पुढच्या खेपेला तीनशे यार्ड मोकळी दिसणारी जागा निवडू नका. लांबवर दिसतं म्हणून आपल्याला ती सुरक्षित वाटते, पण त्यालाही तिथून सगळं लांबवर दिसतं. उंचवट्याच्या अशा अंगाला बसा की माथा ओलांडल्यावर तो शंभर-सव्वाशे यार्डांवर असेल.

उत्तर देतो, पण येत नाही

उत्तर कुठलं, हे आधी ऐका. लांबवरून आलेला एकटा, लांबलचक हाऊल (कोल्हेकुईसारखी आरोळी) म्हणजे 'मी इथे आहे'. गटाचा किकाट म्हणजे बहुतेक एक जोडी आणि यंदाची पिल्लं. दोनच कायोटी मिळून आठ-दहा असल्याचा भास सहज करतात, त्यामुळे आकड्यावर जाऊ नका. पण भुंकणं आणि मधेच तुटलेला हाऊल, पुन्हा भुंकणं, एकाच जागेवरून, तेही न थांबता, असं ऐकू आलं तर त्याला तुम्ही कळलेले आहात. तो इतरांना सावध करतोय. तो स्टँड संपला. आल्या वाटेने गुपचूप निघा आणि ती जागा महिनाभर तरी सोडा.

साधा हाऊल देऊन जागचा न हलणारा कायोटी मात्र मिळू शकतो. जोडीचा ठरलेला इलाका असतो, आणि हद्दीबाहेर जाऊन भांडण ओढवून घ्यायला तो तयार नसतो. तुम्ही कदाचित शेजाऱ्याच्या इलाक्यात बसलेले असाल. वारा सांभाळत अंतर निम्म्याने कमी करा आणि पुन्हा बसा. हद्दीच्या आत तुमचा आवाज पोचला की त्याच्या लेखी मामला बदलतो. इलाका नसलेले, भटके कायोटीही असतात. ते हाऊलपासून दूर पळतात, कारण मार खायची भीती. त्यांच्यासाठी फक्त भक्ष्याचा आवाज, आणि तोही हळू.

आता आवाज

इथवर सगळं बरोबर असेल, तरच आवाजाची पाळी. ऑगस्ट ते ऑक्टोबर पिल्लं अननुभवी असतात आणि हिवाळ्याच्या तोंडाला आईबापांपासून सुटून फिरू लागतात; साधी सशाची किंकाळी पुरते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भूक मोठी, पण माणसांचा वावरही मोठा. कॅन्ससमध्ये फेझंट या पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सुरू होतो आणि जानेवारीअखेर चालतो, त्यामुळे लोकांना शिकारीसाठी खुल्या केलेल्या जमिनींवर दर शनिवार-रविवारी कुत्री फिरतात. तिथे मधल्या वारी जा, किंवा सरळ खासगी कुरणं बघा. जानेवारी ते मार्च हा जोड्या लागण्याचा काळ, फेब्रुवारीत त्याचा जोर. तेव्हा हाऊल पुढे आणि ससा मागे. गर्भ साधारण 63 दिवसांचा, पिल्लं एप्रिल-मेमध्ये. गुरांना किंवा मेंढ्यांना त्रास होतोय म्हणून मालकाने बोलावलं नसेल, तर त्या महिन्यांत मी बसत नाही. आईला मारलं तर बिळातली पिल्लं उपाशी मरतात, आणि ते मला मान्य नाही.

तो सध्या काय खातोय हे विष्ठेवरून कळतं. कुरणाच्या फाटकाजवळ, वाटांच्या फाट्यावर ती पडलेली असते. काठीने फोडून बघा. उंदराचे बारीक करडे केस, सशाचे लांब केस, नाकतोड्यांचे पाय, रानप्लमच्या बिया. शरद ऋतूत नाकतोडे आणि प्लम भरपूर असतात तेव्हा भरल्या पोटाचा कायोटी ओरडणाऱ्या सशासाठी मैलभर धावत नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही.

सुरुवात नेहमी हळू आवाजात. कायोटी दीडशे यार्डांवर झोपलेला असेल तर पहिल्याच मोठ्या किंकाळीने तो तुमच्यापासून लांब उडतो. पहिली दोन मिनिटं बारीक, मग वाढवत न्या, मधेमधे शांतता ठेवा. मोकळ्या मुलखात पंधरा-वीस मिनिटं बसा, झाडीत अर्धा तास. उठण्याआधीची दोन मिनिटं काहीच न वाजवता सगळीकडे बघून घ्या. उठताना पळालेला कायोटी सगळ्यांनीच पाहिलाय.

ज्या भागात सगळे तोच कॉटनटेल सशाचा रेकॉर्ड वाजवतात तिथले कायोटी त्या आवाजाला सरावतात, आणि एकदा चुकून सुटलेला तर तो ऐकून उलटा फिरतो. तिथे वेगळं काहीतरी द्या: सुतारपक्ष्याची किंकाळी, उंदीर, किंवा ससा अजिबात न वाजवता फक्त एक हाऊल आणि वीस मिनिटं शांतता. आणि तोंडाने वाजवायला शिका. टेक्ससच्या मार्बल फॉल्समधल्या मरी आणि विन्स्टन या बर्नहॅम भावांनी गेल्या शतकाच्या मध्याला हे कसब देशभर नेलं, तेव्हा आजच्यासारखे ई-कॉलर नव्हते. ओपन रीड कॉलवर, म्हणजे उघडी पट्टी असलेल्या कॉलवर, पुढचे दात पट्टीवर कुठे टेकवता त्यावर स्वर ठरतो: टोकाकडे बारीक आणि तीक्ष्ण, बुडाकडे सरकवला की खोल आणि घोगरा. दोन माणसं एकसारखी वाजवत नाहीत, म्हणून कायोटीला त्याची सवय होत नाही.

कॉल अचानक मुका झाला तर पट्टीखाली लाळ गोठलेली असते किंवा खिशातला धागा अडकलेला असतो. एक डॉलरची नोट पट्टीखालून हलकेच ओढून काढा, जोरात फुंकू नका. कॉल कोटाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा. ई-कॉलरच्या रिचार्जेबल बॅटऱ्या कडाक्याच्या थंडीत लवकर मान टाकतात आणि तेव्हा स्पीकर मोठ्या आवाजावर फाटल्यासारखा वाजतो. शंका आली तर आधी बॅटरी बदला.

खरोखरच रिकामा दिवस

सगळं बरोबर करूनही काही येत नाही, असे दिवस असतात, आणि बरेच असतात. ज्यांचे व्हिडिओ आपण बघतो ते रिकामे स्टँड कापून टाकतात. पौर्णिमेच्या रात्री पोटभर फिरलेले कायोटी सकाळी सुस्तावलेले असतात, असं कॉल वाजवणारे बहुतेक जुने शिकारी सांगतात; माझाही अनुभव तोच, अशा दिवशी मी दुपारी बसतो. आदल्या आठवड्यात त्याच कुरणात कुणीतरी सापळे लावून गेलेलं असू शकतं. खरूज किंवा डिस्टेंपर या रोगाची साथ एखादा भाग काही काळ ओस पाडते. पण 'इथले कायोटी संपले' असं लगेच म्हणू नका. कॉनोली आणि लाँगहर्स्ट या संशोधकांनी 1975 मध्ये कॅलिफोर्नियात केलेल्या गणिताप्रमाणे, दर वर्षी 75 टक्के कायोटी मारले तरी ते नाहीसे व्हायला पन्नासहून जास्त वर्षं लागतील. ते आहेत. आज आले नाहीत, एवढंच.

अशा दिवसाचा धोका दुपारनंतर असतो. मन खट्टू झालेलं असतं आणि माणूस घाई करू लागतो: वारा न बघता बसतो, पंधराऐवजी आठ मिनिटांत उठतो, गाडी रस्त्यावरच उभी करतो. अशाने चांगल्या जागाही बिघडतात, कारण तिथला कायोटी आता शहाणा झालेला असतो. तीन स्टँड रिकामे गेले की राखून ठेवलेल्या उत्तम जागा त्या दिवशी जाळू नका. दिवस दुसऱ्या कामाला लावा.

आधी वही. वाऱ्याची दिशा आणि वेग, ढग, थंडी, चंद्र, कुठून आत शिरलात, काय वाजवलं, गुरं कुठल्या कुरणात होती, ठसे दिसले का. रिकाम्या स्टँडची नोंद भरल्या स्टँडपेक्षा जास्त कसोशीने करा. मिळालेला कायोटी लक्षात राहतो, न मिळालेल्याचा वारा लक्षात राहत नाही. दोन हिवाळ्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की एखादं कुरण फक्त वायव्येच्या वाऱ्यालाच चालतं असं दिसतं, आणि मग तिथे दक्षिणेच्या वाऱ्यात जाणं आपोआप थांबतं.

संध्याकाळी सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने सेक्शन रोडवर दर मैलाला थांबा, इंजिन बंद करा, एक हाऊल द्या आणि दोन मिनिटं ऐका. बंदूक केसमध्ये, फक्त नकाशा आणि पेन्सिल हातात. उत्तर आलं त्या दिशेची रेघ मारा. पुढच्या मैलावरून तोच गट बोलला की दुसरी रेघ. दोन्ही जिथे छेदतात तिथे ते रात्री निघतात. उद्या पहाटे बसायचं ते त्या छेदाच्या वाऱ्याखाली, अर्ध्या मैलाच्या आत. ज्या दिवशी काहीच मिळालं नाही त्या संध्याकाळी हे केलंत तर दुसऱ्या दिवशीचे पहिले दोन स्टँड अंदाजाचे राहत नाहीत.

उरलेला वेळ परवानगीसाठी द्या. कॅन्ससमध्ये कुंपणाच्या खांबांवर जांभळा रंग दिसला तर लेखी परवानगीशिवाय आत जायचं नाही. दार वाजवायला दुपारची वेळ बरी, चारा टाकून झालेला असतो. कॅमो कपडे बदलून जा. काय करायचंय, कुठून आत शिराल, गाडी कुठे लावाल ते स्वतःहून सांगा. फाटक जसं सापडलं तसं सोडायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. ओल्या गव्हावर चाक घालायचं नाही. कायोटी मिळाला तर कातडं उपयोगात आणा, आणि मालकाने सांगितलेल्या जागेखेरीज कुठेही, विशेषतः रस्त्याच्या कडेला, धड टाकू नका. त्या दिवशी काहीही मिळालं नसलं तरी निघताना मालकाला मेसेज करा: कुठे बसलात, किती वाजता निघालात, तार तुटलेली दिसली का, टाकीवर बर्फ धरलाय का. आणि वासरं कुठल्या कुरणात होणार आहेत ते त्याच बोलण्यात विचारून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याला तुमची खरी गरज असते, आणि कायोटीही तेव्हा त्याच कुरणाभोवती असतात.